विहिरीवरील जुना पंप : दुरुस्त करावा की बदलावा?

विहिरीवर मोट चालत होती त्या काळी मोट, नाडा व सोंदूर ह्यांची निगा शेतकरी स्वतः राखीत असे. मोटेचे चामडे कोठे शिवावयाचे आणि कोठे कापून नवे घालावयाचे, हे त्याला कोणी सांगावे लागत नसे. कारण मोटेची झीज डोळ्यांना दिसे आणि फुटक्या मोटेतून गळणारे पाणी धावेवरूनच मोजता येई. मोटेच्या जागी विजेचा पंप आला, श्रम वाचले, पाण्याची पाळी लवकर उरकू लागली. परंतु झीज मात्र लोखंडी कवचाच्या आत गेली. पंप कुरकुरू लागला की शेतकऱ्यासमोर दोन वाटा उभ्या राहतात. आहे तोच दुरुस्त करावा, की मोडीत घालून नवा आणावा? ह्या प्रश्नाचे उत्तर बहुधा घाईने, पीक सुकत असताना आणि दुकानदाराच्या अथवा शेजाऱ्याच्या सल्ल्याने दिले जाते. ते शांतपणे व मोजमाप करून कसे द्यावे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एका चुकलेल्या सल्ल्याची हकीकत

प्रारंभी प्रस्तुत लेखकाच्या हातून घडलेली एक चूक सांगणे उचित होईल. काही वर्षांपूर्वी तीन एकर रब्बी कांदा असलेले एक शेतकरी पंपाची तक्रार घेऊन आले. पंप 5 अश्वशक्तीचा, विहिरीवर बसून 18 वर्षे झालेला. पाणी निम्म्यावर आले होते. पंपाचे वय ऐकताच तो बदलावा, असा सल्ला लेखकाने दिला. शेतकऱ्याने घरची कालवड विकली, वरची रक्कम उसनी घेतली आणि नवा पंप बसविला. तथापि पिंप भरण्यास जवळजवळ पूर्वीइतकाच वेळ लागू लागला! पुढे एका जाणत्या कारागिराने पाणी ओढणारा नळ उघडला, तेव्हा दोन दोष आढळले. फूटव्हॉल्व्हची जाळी शेवाळ व गाळाने भरली होती, आणि नळाच्या एका जोडातील रबरी गॅस्केट चिरून तेथून हवा आत जात होती. दोन्ही कामे अर्ध्या दिवसात झाली; खर्च अगदी किरकोळ आला. "साहेब, आधी नळ बघायला हवा होता," एवढेच ते गृहस्थ म्हणाले. त्यांचे म्हणणे खरे होते. पंपाचे वय विचारले, पण पाणी कोठे अडते हे विचारले नाही, ही सल्ल्यातील चूक होती.

ह्या अनुभवातून जो धडा मिळाला तोच ह्या लेखाचा गाभा होय. पंप किती जुना आहे, ह्यावरून निर्णय करू नये. तो का बिघडला, तो किती पाणी देतो, आणि दुरुस्ती किती काळ टिकेल, ह्या तीन प्रश्नांवरून करावा. आणि ते ह्याच क्रमाने विचारावेत.

पहिला प्रश्न : बिघाड पंपाचा आहे की पंपाबाहेरचा?

पाणी कमी येऊ लागले की दोष पंपाचाच असतो, असे नाही. पुढील गोष्टी प्रथम पाहाव्यात.

(1) विहिरीतील पातळी : पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, वस्तुतः हवेचा दाब ते वर ढकलीत असतो. समुद्रसपाटीला हा दाब पाण्याचा सुमारे 10.3 मीटर उंचीचा स्तंभ तोलून धरतो. नळातील घर्षण व इतर तूट जाता व्यवहारात पंप पाण्याच्या पातळीपासून 6 ते 7 मीटरांहून अधिक उंचीवर असू नये. दख्खनच्या पठारावर समुद्रसपाटीपासूनच्या उंचीमुळे ही मर्यादा आणखी थोडी घटते. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की चांगला पंपही दम टाकतो. अशा वेळी पंप बदलणे हा उपाय नसून तो खालच्या टप्प्यावर उतरविणे हा उपाय होय.

(2) फूटव्हॉल्व्ह व ओढीचा नळ : पंप बंद केल्यावर नळातील पाणी लगेच विहिरीत उतरते काय? दर वेळी पंपात पाणी भरावे लागते काय? तसे असल्यास फूटव्हॉल्व्हची झडप बसत नाही. पाण्याबरोबर बुडबुडे येत असल्यास कोठल्या तरी जोडातून हवा शिरते आहे, असे समजावे.

(3) ग्लँड : ग्लँडमधून पाणी थेंबथेंब गळणे योग्य असते. धार लागली असल्यास दोरी नवी भरावी. मात्र गळती पूर्ण थांबेपर्यंत ग्लँड आवळू नये. त्याने दंड झिजतो व मोटारीवर विनाकारण भार पडतो.

(4) वीज : तिन्ही फेजांचा दाब सारखा व पुरेसा आहे काय, हे तारतंत्र्याकडून मोजून घ्यावे. दाब 10 टक्क्यांनी घटला तर मोटारीचे फिरविण्याचे बळ सुमारे 19 टक्क्यांनी घटते, कारण ते दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. तेवढाच भार ओढण्यासाठी मोटार अधिक प्रवाह घेते व तापते. 5 अश्वशक्तीची तीन फेजची मोटार पूर्ण भारावर साधारणपणे 7 ते 8 अँपिअर प्रवाह घेते. नेमका आकडा मोटारीवरील पट्टीवर कोरलेला असतो. क्लँप मीटरने तिन्ही तारांतील प्रवाह मोजून त्याच्याशी ताडून पाहावा.

ही तपासणी करताना मुख्य स्विच बंद करून फ्यूज काढून ठेवावेत. डीपीला स्वतः हात लावू नये. मोटारीच्या अंगाला झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग दुरुस्त होईपर्यंत पंप चालवू नये. विजेशी संबंधित मापे तारतंत्र्याकडूनच घ्यावीत.

दुसरा प्रश्न : पंप किती पाणी देतो?

बाहेरचे दोष दूर केल्यावर पंपाची परीक्षा घ्यावी. त्यासाठी 200 लिटरचे एक पिंप आणि सेकंद दाखविणारे घड्याळ पुरेसे आहे. पंप सुरू करून पाच-दहा मिनिटे जाऊ द्यावीत, नंतर धार पिंपात सोडावी आणि ते भरण्यास लागलेले सेकंद मोजावेत. असे तीन वेळा करून सरासरी काढावी.

उदाहरणार्थ, पंप नवा असताना पिंप 25 सेकंदांत भरत होते. म्हणजे सेकंदाला 8 लिटर, तासाला 28,800 लिटर. आता त्याच पिंपाला 36 सेकंद लागतात. म्हणजे तासाला 20,000 लिटर. फरक केवळ 11 सेकंदांचा दिसतो. परंतु एक एकर क्षेत्राला 5 सेंटिमीटर खोलीचे पाणी द्यावयाचे म्हणजे सुमारे 2,02,000 लिटर पाणी लागते. पाटातील गळती हिशेबात न धरता पहिल्या पंपाला त्यासाठी 7 तास लागतात, दुसऱ्याला 10 तासांहून थोडे अधिक. तीन एकर कांद्याची एक पाळी पहिला पंप 21 तासांत उरकतो, तर दुसऱ्याला 30 तास लागतात. दिवसाला आठ तास वीज मिळत असेल तर पहिल्याला तीन दिवस पुरतात. दुसऱ्याचे काम चौथ्या दिवशी संपते. कांदा पोसण्याच्या वेळी, हलक्या जमिनीत व वाढत्या उन्हात हा एक दिवस किती मोलाचा असतो, हे शेतकऱ्यांना सांगावयास नको.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ह्यापुढे आणखी एक पायरी जावे. पाण्याला मिळालेली शक्ती काढण्याचे सूत्र सोपे आहे : सेकंदाला मिळणारे लिटर गुणिले एकूण उचल मीटरमध्ये गुणिले 9.81, आणि येणाऱ्या संख्येला 1,000 ने भागावे. उत्तर किलोवॅटमध्ये येते. एकूण उचल म्हणजे पाण्याच्या पातळीपासून धारेपर्यंतची उंची अधिक नळातील घर्षणामुळे होणारी तूट. वरील उदाहरणात नव्या पंपाची एकूण उचल 20 मीटर धरल्यास 8 × 20 × 9.81 ÷ 1,000, म्हणजे 1.57 किलोवॅट शक्ती पाण्याला मिळाली. आता मोटारीने किती वीज घेतली ते पाहावे. विजेच्या मीटरवरील दिवा एका युनिटला किती वेळा लुकलुकतो, हे मीटरवर छापलेले असते. तो आकडा 3,200 असेल आणि 100 लुकलुकींना 30 सेकंद लागत असतील, तर मोटार 3.75 किलोवॅट घेत आहे, असे निघते. 1.57 भागिले 3.75 म्हणजे सुमारे 42 टक्के वीज पाणी उचलण्याच्या कामी आली. जुन्या पंपात पाणी कमी वाहत असल्याने घर्षण घटते. म्हणून उचल 19 मीटर धरू. पाण्याला मिळालेली शक्ती केवळ 1.04 किलोवॅट भरते. मोटारीने घेतलेली वीज तेवढीच असेल, तर हे प्रमाण 28 टक्क्यांवर येते. एका एकराच्या पाळीला पूर्वी 26 युनिट लागत, ते आता 38 लागतात.

महाराष्ट्रात एप्रिल 2024 पासून 7.5 अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना पाच वर्षांसाठी मोफत वीज देण्याची योजना लागू झाली. त्यामुळे "वीज फुकट आहे, मग पंपाने जास्त खाल्ली तर बिघडले कोठे?" असा प्रश्न काही शेतकरी बंधू विचारतात. त्याचे उत्तर वरील हिशेबातच आहे. विजेचे पैसे लागत नसले तरी विजेचे तास मोजकेच असतात. झिजलेला पंप हे तास खातो, रात्री दारे धरण्याचे श्रम वाढवितो आणि पाळी लांबवितो.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. पिंपाची परीक्षा पाण्याच्या सारख्याच पातळीवर घेतलेली असेल तरच दोन वर्षांचे आकडे एकमेकांशी ताडता येतात. दिवाळीनंतर घेतलेल्या मापाशी मे महिन्यातील माप जोडून पंपाला दोष देऊ नये. पंप बसविला त्याच दिवशी आणि पुढे दरवर्षी ठरावीक महिन्यात ही परीक्षा घेऊन, पाण्याच्या पातळीसह वहीत टिपून ठेवावी.

तिसरा प्रश्न : दुरुस्ती किती काळ टिकेल?

पंपातील काही भाग झिजण्यासाठीच असतात. बेअरिंग, ग्लँडची दोरी, बुश, इम्पेलर व त्याभोवतीचे कडे, फूटव्हॉल्व्हचे चामडे अथवा रबर, स्टार्टरचे कॉईल व संपर्क-बिंदू हे भाग बदलले म्हणजे पंपाचे आयुष्य संपले, असे नव्हे. बैलाला नवी नाल ठोकण्यासारखेच ते आहे. अशा दुरुस्तीला कां-कूं करू नये. विशेषतः गाळमिश्रित पाणी उपसणाऱ्या पंपाचा इम्पेलर व कडे बदलताच गेलेले पाणी पुष्कळ अंशी परत मिळते.

उलटपक्षी पुढील दोष आढळल्यास पंप बदलण्याचा विचार करावा : पंपाचे कवच तडकलेले असणे, दंड वाकलेला अथवा खोल झिजलेला असणे, बेअरिंग ज्या खोबणीत बसते ती खोबणीच सैल झालेली असणे, मोटारीच्या गाभ्याचे पत्रे जळून एकमेकांना चिकटलेले असणे, आणि सुटे भाग बाजारात मिळेनासे झालेले असणे.

मोटार जळणे हा ह्या दोहोंच्या मधला प्रकार आहे, आणि येथेच सर्वांत अधिक पैसा वाया जातो. एका बागाइतदाराने दोन उन्हाळ्यांत एकच मोटार तीन वेळा भरून आणल्याचे लेखकाने पाहिले आहे. दर वेळी कारागिराला दोष दिला गेला. प्रत्यक्षात विजेचा एक फेज वारंवार जात होता, आणि पंप मध्येच बंद पडू नये म्हणून स्टार्टरमधील संरक्षक रिले तारेने बांधून टाकला होता. उरलेल्या दोन फेजांवर मोटार घुमत राही व जळे. त्या जागी नवी मोटार आणली असती तर तीही जळाली असती. अखेर त्यांनी रिले मोकळा करून नीट लावला आणि फेज गेल्यास मोटार बंद करणारे सिंगल फेज प्रिव्हेंटर बसविले. तोपर्यंत गाभ्याचे पत्रे खराब झाले असल्यामुळे मोटार मात्र बदलावी लागली. हेच पहिल्या वेळी केले असते तर जुनीच मोटार चालली असती. तात्पर्य, मोटार का जळाली हे कळेपर्यंत ती भरूही नये आणि बदलूही नये.

मोटार भरावयाची झाल्यास कारागिराशी काही गोष्टी आधीच बोलून घ्याव्यात. जुन्या तारेची जाडी व वेढ्यांची संख्या लिहून ठेवून नवी तार तंतोतंत तेवढीच घालावी. जुने वाइंडिंग काढण्यासाठी मोटार उघड्या आगीत टाकू नये. त्याने गाभ्याच्या पत्र्यांमधील विलेप जळतो आणि पुढे मोटार कायमची अधिक तापू लागते. वाइंडिंग वॉर्निशमध्ये नीट मुरवून भट्टीत सुकवावे. बेअरिंग त्याच वेळी तपासावे. काम झाल्यावर मेगरने वाइंडिंग व कवच ह्यांमधील रोध मोजून घ्यावा. तो 1 मेगओमहून कमी असल्यास मोटार ताब्यात घेऊ नये. नव्याने भरलेल्या मोटारीचा रोध ह्याहून पुष्कळच अधिक असावयास हवा. वाइंडिंगचे तापमान त्याच्या मर्यादेहून 10 अंश सेल्सिअसने वाढले की त्याच्या वेष्टनाचे आयुष्य साधारणतः निम्मे होते, हा नियम लक्षात ठेवला म्हणजे ह्या काळजीचे महत्त्व पटेल.

हिशेब कसा मांडावा?

आता पैशाचा विचार करू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे दर घालावेत.

समजा, नव्या पंपाला बसविण्यासह 32,000 रुपये पडतात आणि जुन्याची मोड 4,000 रुपयांना जाते. म्हणजे 28,000 रुपये उभे करावे लागतील. नवा पंप दहा वर्षे चालेल असे धरल्यास वर्षाला 2,800 रुपये पडले. रक्कम कर्जाऊ असेल व ती हप्त्याहप्त्याने फिटत जाईल, तर सरासरी निम्म्या रकमेवर, म्हणजे 14,000 रुपयांवर, दरसाल 10 टक्के दराने 1,400 रुपये व्याज धरावे. नव्या पंपाचा वार्षिक खर्च अशा रीतीने 4,200 रुपये होतो.

दुरुस्तीला कारागीर 6,300 रुपये सांगतो. ह्या रकमेला नव्याच्या वार्षिक खर्चाने, म्हणजे 4,200 ने, भागावे. उत्तर दीड येते. ह्याचा अर्थ, दुरुस्ती दीड वर्षाहून अधिक टिकली तर ती फायद्याची, त्याआधी पंप पुन्हा बसला तर तोट्याची. बिघाडाचे कारण सापडून ते दूर झाले असेल आणि पिंपाची परीक्षा समाधानकारक असेल, तर दुरुस्ती दीड वर्ष टिकेल असे मानण्यास हरकत नाही. कारण सापडलेच नसेल, तर ती दीड महिनाही टिकेल असे म्हणवत नाही.

ह्या भागाकारात दोन गोष्टी येत नाहीत. त्या स्वतंत्रपणे ध्यानात घ्याव्यात. पहिली, दुरुस्तीनंतरही पंप पाणी कमीच देत असेल तर लांबलेल्या पाळीचा तोटा. दुसरी, ऐन हंगामात पंप बंद पडण्याचा धोका. पाण्याची एखादी पाळी चुकली तरी फारसे बिघडत नाही असे पीक असेल तर जुन्या पंपावर भरवसा ठेवता येईल. परंतु द्राक्ष, भाजीपाला अथवा पोसणारा कांदा उभा असता, ज्या पंपाने एका वर्षात दोनदा दगा दिला त्याच्यावर विसंबणे शहाणपणाचे नाही. म्हणूनच हा निर्णय पावसाळ्यात, पंपाला विसावा असताना करावा. कारागीर तेव्हा निवांत असतो, शेतकऱ्यावरही घाईची पाळी येत नाही.

नवा पंप घेताना

बदलण्याचा निर्णय झाल्यास जुन्या पंपाची अश्वशक्ती डोळे मिटून पुन्हा घेऊ नये. विहिरीची आजची खोली, उन्हाळ्यातील पातळी, धारेपर्यंतची उंची व नळाची लांबी मोजून त्या उचलीला योग्य असा पंप निवडावा. गरजेहून मोठा पंप विहीर लवकर उपसतो व कोरडा चालून खराब होतो. आय.एस.आय. चिन्ह व ऊर्जा दक्षता ब्यूरोचे तारांकन पाहून घ्यावे. जुने अरुंद व गंजलेले नळ आणि अनावश्यक बेंड तसेच ठेवल्यास नव्या पंपाचा लाभ नळातच जिरून जातो, हे प्रस्तुत लेखकाने वर सांगितलेल्या चुकीवरून लक्षात येईल.

ज्यांच्या विहिरीवर वीजजोडणी नाही आणि जुन्या तेल-इंजिनाचा प्रश्न आहे, त्यांनी इंजिनावर मोठा खर्च करण्यापूर्वी महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये सुरू केलेल्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेची चौकशी करावी. तीत सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या 10 टक्के, तर अनुसूचित जाती व जमातींच्या शेतकऱ्यांना 5 टक्के हिस्सा भरावा लागतो.

सारांश

1. प्रथम नळ, फूटव्हॉल्व्ह, पाण्याची पातळी व वीज तपासावी. मग पंपाकडे वळावे.
2. पिंप भरण्यास लागणारे सेकंद दरवर्षी एकाच महिन्यात मोजून वहीत लिहावेत.
3. मोटार जळण्याचे कारण शोधल्याशिवाय ती भरू नये व बदलूही नये.
4. दुरुस्तीच्या खर्चाला नव्या पंपाच्या वार्षिक खर्चाने भागावे; येणारी वर्षे दुरुस्ती टिकेल काय, ह्याचा प्रामाणिक विचार करावा.
5. निर्णय पावसाळ्यात करावा, ऐन पाळीच्या वेळी नव्हे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना शेवटी एक विनंती आहे. आपल्या गावातील निदान पाच पंपांची पिंपाची परीक्षा ह्या हंगामात शेतकऱ्यांसमक्ष घ्यावी आणि आकडे त्यांच्याच वहीत त्यांच्याच हाताने लिहवून घ्यावेत. पुढील वर्षी तो शेतकरी सल्ला मागण्यास येईल तेव्हा वही बरोबर घेऊन येईल; आणि पंपाचे वय ऐकून कालवड विकावयास लावणारा सल्ला देण्याची पाळी मग कोणा अधिकाऱ्यावर येणार नाही.